दीडशे किलोची अट नाहीये

वजनाचं ऑपरेशन फक्त दीडशे किलोवाल्यांसाठी असतं असं वर एकाने लिहिलंय, ते आता जुनं झालं हो. १९९१ चा अमेरिकन नियम होता बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०, किंवा मग ३५ प्लस डायबेटिस वगैरे, तो २०२२ ला बदलला, आता ३५ ला सरळ सुचवतात आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांना तर २७.५ पासूनच, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी नि शुगर दोन्ही हजर.

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून जठराचा साधारण पाऊण भाग काढतात. पण नुसतं पोट लहान झालं म्हणून वजन उतरतं असं नाही, भुकेचं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच बनतं त्यामुळे भूकच मंदावते. हे वाचलं तेव्हा मला "तोंडावर ताबा नाही" म्हणणाऱ्या समस्त काकवा आठवल्या :)

फक्त आधीच ॲसिडिटीचा जोरदार त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो, तिथे बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात तो) बरा पडतो. हल्ली तर एंडोस्कोप (कॅमेऱ्याची लवचिक नळी) तोंडातून घालून आतूनच टाके मारून जठर अरुंद करतात, कापाकापी नाही, वजन मात्र स्लीव्हपेक्षा कमी उतरतं.

आणि स्लीव्ह किंवा बायपास केलं तर बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर बरं का, त्याचा खर्च आधीच धरा.