'मेटल रेझिस्टंट' जिवाणू: रोधक, सहनशील की पुरून उरणारे?

नवशिकी:
मंडळी, एक शब्द अडलाय. कॅडमियम, पारा, झिंक असल्या जड धातूंनी नासलेल्या मातीतही जे जिवाणू मजेत जगतात त्यांच्यावर मराठीत लेख करतेय आणि 'मेटल रेझिस्टंट'पाशी येऊन गाडी थांबलीय. 'धातुरोधक' केलं तर आई म्हणाली, म्हणजे जलरोधक असतं तसं का, रेनकोट वगैरे? 'धातुसहिष्णू' म्हटलं की वाटतं बिचारे निमूट सोसतायत. मला आपलं 'धातू पचवणारे' आवडतंय. चालेल ना? आणि 'भारी धातू' लिहिलं की पोरं हसतात, ते वेगळंच.

प्लेटवाली:
जड धातूच लिही, 'भारी' आता मिसळीला राहू दे. पण 'पचवणारे' नको गं बाई. सांडलेलं डिझेल असलं तर जिवाणू त्याचे तुकडे करून खातात, तिथे खुशाल पचवणे म्हण. कॅडमियम हे मूलद्रव्य, त्याचे तुकडे कसले करणार? आत गेलं तरी कॅडमियम, बाहेर आलं तरी कॅडमियमच. मग उरतं काय, तर आत घ्यायचं नाही, आलेलं बाहेर फेकायचं, कशाला तरी बांधून ठेवायचं नाहीतर त्याचं रूप पालटायचं. तुझा 'रोधक' यातल्या पहिल्याच वाटेला लागतो आणि तीच नीट जमत नाही, कारण आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं विषारी रूप, फॉस्फेटच्या दारातून घुसतं, दोघं दिसायला सारखे, आणि फॉस्फेट तर पेशीला हवंच, दार लावून घेऊन कसं भागेल.
खरा जोर बाहेर फेकण्यावर. 1976 मध्ये बेल्जियममधल्या एका झिंक कारखान्याच्या टाकीतल्या गाळात सापडलेला क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्स बघ, नावातच तांब्याची आवड आणि धातूपुढे टिकणं दोन्ही आहे. त्याच्या पेशीच्या आवरणात सीझेडसी नावाचा प्रथिनांचा पंप आहे, कोबाल्ट, झिंक, कॅडमियम तिन्ही बाहेर काढतो. या बाहेर फेकण्याला, 'इफ्लक्स'ला, पुस्तकात 'बहिःस्राव' वाचलं होतं, मला तर जखम वाहतेय असं वाटतं.

बांधावरचा:
ताई, त्याला उपसा म्हणा की! विहिरीचं काम चालू असताना झरे बंद होत नाहीत, पाणी येतच राहतं, आपण मोटर लावून उपसत राहायचं, लाइट गेली की पाणी चढलंच. तुमच्या जिवाणूचं असंच दिसतंय. आणि हे जिवाणू धातूला पुरून उरणारे म्हणा, सरळ मराठी.

नवशिकी:
अरे वा, मातीत पुरले तरी उरले! श्लेष मस्त जमलाय.

जुनी वही:
श्लेष घ्या हवा तर, पण ते पुरणं गाडण्याचं नाही हो. पाहुणे पंचवीस आले आणि पोळ्या सगळ्यांना पुरून वर चार उरल्या, त्यातलं पुरणं. म्हणून 'तो दहा जणांना पुरून उरला' म्हणजे दहांना भारी पडला. नुसतं सोसणं त्यात नाही, जिवाणूला शोभतं. पाऱ्यासाठी अजून एक सुचवतो, 'उडवून लावणे'.

प्लेटवाली:
काका, हे तर शब्दशः खरं आहे! काही जिवाणूंकडे मर्क्युरिक रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते पाऱ्याच्या विषारी आयनला साध्या धातूरूप पाऱ्यात बदलतं आणि तो वाफ होऊन पेशीतून उडून जातो. फक्त उडवून लावला म्हणजे संपला नव्हे, हवेत गेला, पुढे कुठेतरी उतरणारच.
शीर्षकात मात्र 'धातुप्रतिकारक' ठेव. सहनशील आणि प्रतिकारक एक करू नकोस, जाड चिकट आवरणात धातू आपोआप अडकला म्हणून वाचला तो सहनशील, धातूची चाहूल लागल्यावर खास पंप चालू केला तो प्रतिकारक. पंप फुकट चालत नाही, म्हणून स्वच्छ मातीत ही मंडळी तो बंदच ठेवतात.

बांधावरचा:
आमच्याकडे द्राक्षाला बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलं तांबं जातं कुठं मग?

प्लेटवाली:
बरंचसं मातीतच राहतं दादा, तांबं काही कुजत नाही. कॉलेजात आम्ही बागेतली माती पाण्यात ढवळून मोरचूद घातलेल्या अगार प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर, पसरली होती, प्लेट फिकट निळसर. दोन दिवस काहीच नाही, मी टाकूनच देणार होते, तिसऱ्या दिवशी कडेला मोहरीएवढ्या तीन गुलाबट वसाहती. बाजूच्या साध्या प्लेटवर मोजता येईनात इतक्या.
आणि हा गुण ते एकमेकांना देतातही, प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यावरून, शेजारणीला विरजण दिल्यासारखं, दिलं तरी आपलं भांडं भरलेलंच. कधीकधी त्याच कड्यावर अँटिबायोटिकला न जुमानण्याची जनुकंही असतात, तेव्हा धातूच्या जोरावर तीही टिकून राहतात.

नवशिकी:
ठरलं. शीर्षकात प्रतिकारक, आत उपसा, पुरून उरणे आणि पाऱ्याच्या परिच्छेदाला 'उडवून लावणे'. आईला वाचून दाखवलं, उपसा ऐकताच म्हणाली, हे आधी का नाही लिहिलंस. प्लास्मिडला शब्द सुचवू नका, तो तसाच ठेवतेय.