मदत हवी आहे: विचार थांबल्यावर उरणाऱ्या ‘बघणाऱ्या’चं काय करायचं?

साक्षीभावाचा, म्हणजे विचारांत न गुंतता ते नुसते बघण्याचा, सराव करणाऱ्यांना दोन नेमके प्रश्न.

पद्धत अशी: पाठ ताठ, डोळे अर्धे उघडे, बैठक 30 मिनिटांची. पहिली 10 मिनिटं फक्त श्वास. मग तोही सोडून, एक विचार संपून दुसरा उठेपर्यंतच्या फटीकडे लक्ष. फट दोन-तीन सेकंदांचीच, पण स्वच्छ. आवाज ऐकू येतो, त्याला नाव चिकटत नाही. आणि लगेच ‘आता विचार नाहीये’ असं आतून कुणीतरी जाहीर करतं. झालं! हाही विचारच, साक्षीचा वेष घेतलेला. नीट बघितलं तर त्यासोबत डोळ्यांच्या मागे हलकासा ताण सापडतो. ‘मी’ हे त्या ताणालाच दिलेलं नाव वाटतं.

अशा वेळी ‘हे कुणाला कळतंय?’ असं विचारावं, की ताण नुसता जाणवू द्यावा? विचारलं की उत्तर शोधणारा नवा ‘मी’ उभा राहतो.

दुसरं, फट लांबली की मान कलते, आवाज पुसट होतात. हा लय, म्हणजे मन झोपेकडे सरकणं; योगसूत्रांत पतंजलींनी निद्रेलाही वृत्तीच, म्हणजे मनाची एक हालचालच, म्हटलंय. डोळे पूर्ण उघडण्यापलीकडे काही उपाय? ‘सोडून द्या’ एवढंच कृपया सांगू नका. काय आणि नेमकं कधी, तेही लिहा.