मदत हवी आहे: इंग्लंडमधील शाळेत डेझिग्नेटेड टीचर म्हणून काम करताना इतर शिक्षकांना किती सांगावे?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. येत्या सप्टेंबरपासून डेझिग्नेटेड टीचरचे काम माझ्याकडे येत आहे. जी मुले आईवडिलांकडे न राहता कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) देखरेखीखाली, बहुधा फॉस्टर कुटुंबात (मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात), वाढत आहेत, त्यांच्या शिक्षणाची शाळेतील जबाबदारी या शिक्षकाकडे असते. हे पद नेमणे २००९ पासून कायद्याने बंधनकारक आहे आणि पूर्वी देखरेखीखाली असलेली, पण आता दत्तक गेलेली किंवा न्यायालयाच्या आदेशाने नातेवाइकांकडे कायमची राहणारी मुलेही २०१८ पासून त्याच्या कक्षेत आली आहेत.

कागदोपत्री कामाची मला फारशी चिंता नाही. मूल देखरेखीखाली आले की दहा कामकाजी दिवसांत त्याच्या पर्सनल एज्युकेशन प्लॅनची, ज्याला इथे सगळे ‘पेप’ म्हणतात, तयारी सुरू व्हायला हवी आणि पुढे दर सत्रात त्याचा आढावा घ्यायचा असतो. सोशल वर्कर, फॉस्टर केअरर, शाळा आणि शक्य तेथे ते मूलही त्या बैठकीला असते. मुलामागे मिळणारा वाढीव निधी, जो २०२४-२५ मध्ये २,५७० पौंड होता, मुलाची जबाबदारी असलेल्या कौन्सिलच्या व्हर्च्युअल स्कूलच्या (अशा मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या विभागाच्या) प्रमुखांच्या हाती असतो. त्यामुळे मूल दुसऱ्या परगण्यातून आले असेल, तर त्यांचे फॉर्म आणि त्यांचे नियम पाळावे लागतात. हे वेळखाऊ असले तरी शिकता येण्यासारखे आहे.

माझी खरी अडचण निराळी आहे. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पेपच्या बैठकीत स्पष्ट सांगितले आहे की, आपण फॉस्टर कुटुंबात राहतो हे कोणाही शिक्षकाला कळता कामा नये. त्याची इच्छा मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु ज्यांना काहीच माहीत नाही असे शिक्षक त्याला वंशवृक्ष काढून आणायला सांगतात, ‘लहानपणीचा फोटो आणा’ म्हणतात, किंवा आईशी भेट ठरलेल्या दिवसानंतर गृहपाठ राहिला म्हणून त्याला शाळा सुटल्यावर थांबवून ठेवतात. याउलट सगळ्यांना सांगितले, तर काही जण त्याच्याशी कीव केल्यासारखे वागतील आणि काही जण त्याच्याकडून अभ्यासाची अपेक्षाच सोडतील, अशी मला भीती वाटते. माझ्या मते दुसरा धोका अधिक मोठा आहे, कारण तो लवकर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सध्या माझ्या मनात असे आहे की, कारण न सांगता केवळ वर्गात काय करावे एवढेच त्याच्या शिक्षकांना कळवावे: घरच्या माणसांवर आधारलेल्या गृहपाठाला नेहमी दुसरा पर्याय द्यावा, शिक्षेपूर्वी माझ्याशी बोलावे, आणि गुण घसरले तर लगेच सांगावे. हा मजकूर पाठवण्यापूर्वी त्या मुलालाच वाचायला द्यावा असेही वाटते. कोणी असे केले आहे का? शिक्षकांनी ‘पण कारण काय?’ असा हट्ट धरल्यास आपण काय उत्तर दिले?

दुसरा प्रश्न एका आजींबद्दल आहे. स्पेशल गार्डियनशिप आदेशाने, म्हणजे पालकत्व देणाऱ्या न्यायालयाच्या आदेशाने, नातीचा सांभाळ त्यांच्याकडे आहे. त्या गुजराती आहेत आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. ऑक्टोबरच्या शालेय गणनेत नोंद झाली, तर या मुलीसाठीचा निधी थेट शाळेला मिळतो. पण त्यासाठी आजींनी स्वतः आदेशाची प्रत दाखवावी लागते. त्यांना ते नको आहे. ‘आमच्या मुलीचं घर मोडलं, हे शाळेच्या वहीत कशाला?’ असे त्या विचारतात. समाजात बोभाटा होईल ही त्यांची धास्ती मला चांगलीच समजते, आपल्याकडेही याहून वेगळे घडले नसते. मला त्यांच्यावर दबाव आणायचा नाही, मात्र माहिती नसल्यामुळे त्यांनी हक्क सोडू नये असे वाटते. ही माहिती शाळेत नेमकी कोणाकोणाला दिसते हे त्यांना प्रत्यक्ष संगणकावर दाखवणे योग्य ठरेल का, की त्यातून त्या आणखी घाबरतील?

भारतात बालगृहातील मुलांना शाळेत घालताना आपण मुख्याध्यापकांना किती सांगता आणि वर्गशिक्षकांना किती, हेही कृपया लिहावे. गणनेपूर्वी आजींशी पुन्हा बोलायचे आहे, त्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाल्यास फार उपयोग होईल.