खांद्याच्या ऑपरेशननंतर : जाणकारांनी लिहा

रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा) शिवल्यावरचे पहिले तीन महिने कसे काढायचे, ते नेमकं लिहा. नुसतं 'काळजी घ्या' नको.

*

भुलीचा ब्लॉक (हात बधिर करणारं इंजेक्शन) साधारण १२ ते २४ तासांत उतरतो. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की लिहून दिलेली गोळी लगेच घ्या. दुखणं एकदा चढलं की गोळीला आवरत नाही.

*

झोपेचं सांगते. सपाट झोपवत नाही, उशा रचून पाठ ३० ते ४५ अंशांत ठेवा. खरी महत्त्वाची ती कोपरामागची छोटी उशी. कोपर अंगाच्या मागे घसरलं की टाक्यांवर ताण येतो आणि मध्यरात्री जाग येते. स्लिंग (हात अडकवायची झोळी) झोपेतही घालूनच ठेवा.

*

शर्ट सैल, पुढून बटणांचा. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायला हात उचलू नका. कमरेत वाकलात की हात आपसूक सुटतो, तेवढ्या फटीतून पुसा.

*

फिजिओ म्हणून पेंड्युलम या व्यायामाबद्दल लिहायलाच हवं, कारण बहुतेक जण तो चुकीचा करतात. चांगल्या हाताने टेबल धरा, वाका, दुसरा हात लोंबू द्या. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. झुलायचं धडाने, हात फक्त मागोमाग येतो. दंड टणक झाला, मूठ वळली किंवा खांदा कानाकडे चढला, तर हात तुम्हीच हलवताय आणि शिवलेल्या स्नायूला कामाला लावताय. हातात वजन घेऊ नका. बोटं आणि मनगट मात्र दिवसभर हलतं ठेवा, नाहीतर पंजा सुजतो.

*

वरच्यात भर : बायसेप्सचीही (दंडाच्या पुढच्या स्नायूची) कंडरा बसवली असेल, तर कोपर स्वतःच्या जोराने वाकवणंही सुरुवातीला बंद असतं. ऑपरेशनची नोट फिजिओला दाखवाच.

*

सर्वांत जपायचा काळ सहाव्या आठवड्यानंतरचा. दुखणं ओसरतं, स्लिंग सुटते, पण कंडरेने हाडाला घट्ट धरायला तीनेक महिने लागतात. खुर्चीच्या हातावर भार देऊन उठणं, जड दार ढकलणं, पडणारी वस्तू झेपावून पकडणं, टाके तुटतात ते अशाच वेळी. रबर बँडचे व्यायाम सर्जनने हो म्हटल्यावरच.

*

ताप, जखमेतून पू, पोटरी सुजून दुखणं : यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.