उसवायला ब्लेड की सीम रिपर?

अस्तरवाली

भाचीच्या साखरपुड्यासाठी पैठणी बाहेर काढली. ब्लाउज आठ वर्षांपूर्वीचा, त्यामुळे दंडात अडकला, छातीवर हुक लागेना. आमच्या तेव्हाच्या शिंप्याने माया (शिवणीच्या आत सोडतात ते जास्तीचं कापड) छान सोडली होती, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, आणि शेजारी शेजारी तीन टिपा मारून ठेवल्या होत्या. म्हणजे आतली एक टीप उसवली की संपलं. जाऊबाई म्हणाल्या, "आण इकडे, पाच मिनिटांचं काम." दाढीचं ब्लेड उभं मोडलं आणि अर्धं घेऊन बसल्या. पाच मिनिटांत उसवलंही. फक्त काखेत, जिथे बाहीची शिवण बाजूच्या शिवणीला भेटते, तिथे चार पदरांचा गठ्ठा असतो ना, त्यावरून ब्लेड घसरलं. अर्ध्या इंचाची चीर. अस्तराला नाही, वरच्या सिल्कला.

तर माझं म्हणणं स्पष्ट आहे: घरात उसवायला ब्लेड वापरणं बंद करा. मशीनच्या खोक्यात ते टोपण घातलेलं, दुतोंडी, लाल मणीवालं सीम रिपर येतं (आमच्याकडचे दुकानदार त्याला ओपनर म्हणतात), ते याच कामासाठी आहे. आणि वापरायची पद्धत अशी. टिपेच्या एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका टोकाने उचलून तोडायचा. पूर्ण टीप अशी झाली की कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. तो अखंड निघून येतो, कारण मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एकाला ठिकठिकाणी तोडलं की दुसऱ्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. एक एक टाका तोडत बसायची गरज नाही, आणि कापडाला धार लागतच नाही.

कोणी ब्लेडची बाजू घेणार असेल तर आधी मला सिल्कची चीर बुजवून द्या.

टेलरपुत्र

ताई, चिरीबद्दल वाईट वाटलं. पण ब्लेडला फाशी देऊ नका. माझ्या वडिलांचं इचलकरंजीला दुकान होतं. आल्टरचं काम म्हणजे दिवसाला पंधरा-वीस कपडे उसवायचे. रिपरने दर चौथा टाका उचलत बसले असते तर आम्ही उपाशी मेलो असतो.

ब्लेडने उसवताना लोक चूक करतात ती अशी की ब्लेड ओढतात. ब्लेड ओढायचं नसतं. कापड ताणायचं असतं. शिवणीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात किंवा गुडघ्याखाली दाबायचं, दोन पदर दोन बाजूंना ताठ करायचे, मग टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे पडतात. ब्लेड फक्त टेकवायचं. ताण बरोबर असेल तर दोरा आपणहून तुटतो, टक टक टक आवाज येतो.

आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्या क्लासात सांगत नाहीत. धार नेहमी मायेच्या बाजूला कलती धरायची. घसरलं तर आतली माया कापली जाते, वरचं कापड नाही. तुमच्या जाऊबाईंनी बहुतेक उलट धरलं असेल.

रिपरचं टोक बारीक सिल्कमध्ये कापडाचा धागासुद्धा उचलतं, ते कुणी बोलत नाही. पैठणीच्या काठात तर जरीची तार अडकते आणि एकदा ओढली गेली की ती रेघ जन्मभर दिसते. ब्लेडने निदान तार तरी ओढली जात नाही.

अस्तरवाली

तार ओढली जात नाही, सरळ कापली जाते. 🙂

"धार मायेच्या बाजूला" हे मात्र लिहून ठेवते. जाऊबाईंना विचारलं, त्यांना आठवत नाहीये. सोयीस्कर विस्मरण.

चौकटीची_राणी

मी क्विल्ट करते, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधड्या, गेली सहा वर्षं, नॉर्थ कॅरोलिनात. ब्लाउज आणि क्विल्ट यांत एक मोठा फरक आहे: आम्हाला माया मिळते पाव इंच. तीही नेमकी पाव इंच हवी, नाहीतर नऊ चौकटींचा एक ठोकळा जुळत नाही. टाकाही बारीक, दोन मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला साधारण साडेबारा टाके. त्यात ब्लेड टेकवायला जागाच नाही. म्हणून मी रिपरवालीच.

पण अस्तरवाली, तुमची "दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा" ही पद्धत सरसकट सांगू नका. कापड उभ्या-आडव्या धाग्यांवर कापलेलं असेल तर ठीक. त्रिकोणाची तिरकी बाजू असेल, म्हणजे उरेब, तर दोरा ओढताना ती बाजू ताणते आणि लांबते. मग तोच त्रिकोण पुन्हा शिवायला घेतला की एका टोकाला पाव इंच जास्तीचं उरतं, आणि आपण म्हणतो मोजमाप चुकलं. मोजमाप बरोबर होतं, उसवणं चुकलं. उरेब असेल तर गुपचूप एक एक टाका तोडायचा. ब्लाउजच्या मुंढ्याला (बाही जोडतात तिथे) आणि गळ्यालाही हेच.

आणि रिपर कोणतं, यावरही कुणी बोला ना. मशीनसोबत येतं ते करंगळीएवढं असतं, मला तासाभरात अंगठा दुखतो. मी जाड मुठीचं जपानी घेतलं, किंमत ऐकून आई म्हणाली तेवढ्यात एक ब्लाउज शिवून झाला असता.

निवृत्त_लेथवाला

एक तांत्रिक शंका. तो लाल मणी वर ठेवायचा की खाली? बायको म्हणते मण्याला काही अर्थ नाही, शोभेला आहे. माझ्या चाळीस वर्षांच्या कारखान्यातल्या नोकरीत शोभेला लावलेला एकही भाग मी पाहिला नाही.

चौकटीची_राणी

खाली! मणी खाली, कापडाला लागून. दोन पदर उघडायचे, मणी टाक्यांखालून सारायचा आणि रिपर सरळ पुढे ढकलत न्यायचं. दोन दातांमधल्या खाचेतल्या पात्याने टाके कापले जातात, मणी कापडावरून घसरत जातो म्हणून भोक पडत नाही.

टेलरपुत्र

हेच ते! असं ढकलत नेल्यामुळेच सगळ्यात जास्त कपडे फाटतात. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचे गाउन बघा. सुरुवातीला सुळसुळ जातं, मग मध्येच कापडाची घडी खाचेत शिरते आणि तुम्ही ढकलतच असता.

निवृत्त_लेथवाला

दोघांचं वाचून भिंगाखाली धरून पाहिलं. धार फक्त खाचेच्या तळाशी आहे. लांब दाताला टोक आहे पण धार नाही. म्हणजे एक टाका उचलायचा असेल तर लांब दात टाक्याखाली घालायचा, तेव्हा मणी आपोआप वर येतो. आणि सलग सारायचं असेल तर मणी आत, कारण लांब दात आत गेला तर तो कापडात घुसणार. दोन्ही बरोबर, कामं वेगळी. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

आता दुसरं. आमच्या घरातलं रिपर मशीनसोबत आलेलं, मशीन २००९ सालचं. खाचेत बोटाचं नख घालून पाहिलं, काहीही झालं नाही. म्हणजे धार शून्य. हिने सोळा-सतरा वर्षं दोरे कापलेच नाहीत, तोडले आहेत. पॉलिश पेपरची बारीक पट्टी खाचेतून दहा-बारा वेळा ओढली, पुष्कळ सुधारलं.

अस्तरवाली

काका, वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, नवीन घ्या हो!

पण मुद्दा मोठा काढलात. टेलरपुत्र म्हणतात ते फाटलेले गाउन, त्यातले निम्मे बोथट रिपरचे असणार. सुईला आपण "बोथट झाली, बदल" म्हणतो, कात्रीला धार लावून आणतो, आणि रिपर मात्र मशीन विकेपर्यंत तेच. बोथट पातं दोरा कापत नाही, मग आपण जोर लावतो, मग दोरा अचानक तुटतो आणि हात पुढे जातो. हल्लीचा पॉलिएस्टर दोरा तर चिवट, तो सुती दोऱ्यासारखा चटकन तुटत नाही. माझा नियम: एका टाक्याला जोर लावावा लागला की नवीन.

आजीची_वाकळ

तुम्ही सगळे शस्त्रांवर बोलताय. माझ्याकडे आजीच्या लुगड्यांच्या दोन गोधड्या आहेत, वरचा थर विरला म्हणून तो काढून नवीन घालायचा होता. हौसेने नवं रिपर आणलं. पहिल्या दहा टाक्यांत तीन भोकं. साठ वर्षांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, त्यात टोकदार काही घालायचं म्हणजे लोण्यात सुरी.

शेवटी आईने सांगितलं तसं केलं. गोधडीची सुई घ्यायची, तिचं टोक नाही, नेढ्याची बाजू. ती बोथट असते. त्याने टाका हलकेच वर उचलायचा आणि छोट्या कात्रीने मध्ये एकदा कापायचा. धावदोरा असल्यामुळे तो बॉबिनच्या टिपेसारखा अडकलेला नसतो, एकच दोरा वर-खाली जातो. वीतभर अंतरावर कापला की चिमट्याने अलगद ओढून निघतो. दोन गोधड्यांना तीन आठवडे लागले, दुपारी रेडिओ लावून. म्हणून माझं मत: रिपर नको, ब्लेड नको. सुई आणि कात्री.

टेलरपुत्र

तीन आठवडे! आमच्याकडे गिऱ्हाईक "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणतं.

पण जुन्या कापडाला तुम्ही म्हणता तेच बरोबर. आणि आता कबूल करून टाकतो, वडीलसुद्धा काखेतल्या त्या गठ्ठ्यावर ब्लेड चालवत नसत. तिथे थांबायचे, सुईने एक एक टाका उचलायचे, पुढे गेले की पुन्हा ब्लेड. टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटी आपण मागेपुढे करून टीप पक्की करतो, तिथेही तसंच, कारण तिथे एकाच भोकात दोन-तीन वेळा दोरा गेलेला असतो. अस्तरवालीताईंची चीर तिथलीच आहे. लिहायला हवं होतं आधी.

अस्तरवाली

आधी लिहायला हवं होतं!! 😄

स्टेथोस्कोप_आणि_सुई

कुणी सर्जिकल ब्लेड वापरतं का? ११ नंबरचं टोकदार असतं, १२ नंबरचं चोचीसारखं वळलेलं, आतल्या बाजूला धार. शिवणीत १२ नंबर काय सुंदर चालतं. टाका चोचीत येतो आणि कापड बाहेर राहतं. सर्जिकल सुरीच्या ३ नंबरच्या दांड्यात बसतं.

चौकटीची_राणी

डॉक्टर, तुमच्या हाताला सवय आहे. आमच्या घरात दोन मुलं आणि एक मांजर आहे. रिपरला टोपण असतं, हा त्याचा सर्वात मोठा गुण मानते मी. टोपण हरवलं की बाटलीचं बूच लावून ठेवते.

तशी सुद्धा आणखी एक वाईट सवय आहे आपली: शिवताना कापड सुईखाली सारायला हातात तेच रिपर. माझ्या बहिणीच्या मशीनची सुई त्यावर आपटून मोडली आणि अर्धा तुकडा उडाला. सारायला बांबूची काडी वापरा.

आणि रिपरने काज उघडताना टाचणी आडवी खोचा हो, काजाच्या टोकाला. नाहीतर सर्रकन पुढे जाऊन शेवटचे टाके कापले जातात. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर, सहावं काज, शेवटचं. मला विचारा.

आजीची_वाकळ

उसवल्यावर उरलेली बारीक दोऱ्यांची तुसं कशी काढता? मी सेलोटेपने काढते, पण खणाच्या कापडावर त्याचा चिकटपणा राहतो.

टेलरपुत्र

पेन्सिलचं खोडरबर. एका दिशेने घासा, तुसं गोळा होऊन येतात. सुती आणि खणाला चालेल, सिल्कला नको, सिल्कला चिमटा.

सुईची भोकं राहिली असतील तर सुती कापड ओलं करून नखाने उभं-आडवं खरवडा आणि इस्त्री फिरवा, बुजतात. सिल्कवर पूर्ण बुजत नाहीत. म्हणून सिल्कचा ब्लाउज सैल करता येतो, घट्ट नाही... म्हणजे उलटं. घट्ट करता येतो, सैल केला की जुन्या टिपेची रेघ बाहेर येते. ताई, तुमच्या पैठणीच्या ब्लाउजला ती रेघ दिसत असणार.

अस्तरवाली

दिसतेय. पदराखाली जाते, कळत नाही.

दुसरी बाजू आज दुपारी उसवली. रिपर नवं आणलं, पण धरलं तुमच्या पद्धतीने: एक टोक पायाच्या अंगठ्यात, कापड ताठ, टोक मायेच्या बाजूला कलतं. ओढून काढलं नाही, कारण बाजूची शिवण बरीच उरेबात कापलेली निघाली. काखेत सुई. पंचवीस मिनिटं लागली. ब्लेड नाहीच वापरलं, त्यावर माझं मत तेच आहे.

चिरीसाठी उरलेल्या मायेतून तुकडा कापून आतून लावला. काठाचा रंग जुळला, पोत थोडा वेगळा दिसतो कारण मायेचं कापड आठ वर्षं घाम-उजेडापासून लांब होतं. हात वर केला तरच दिसेल. साखरपुड्यात अक्षता टाकताना हात किती वर जातो ते बघून ठेवते.

निवृत्त_लेथवाला

नवीन रिपर आणलं. बायकोने जुनं, मी धार लावलेलंच, ठेवून घेतलं. नवीन माझ्याकडे आहे, त्याने कुरियरचे खोके उघडतो.