राग ओळखता येत नाही, तरी ‘गाणं रंगलं नाही’ म्हणायचं का?

मागच्या रांगेतला: सकाळची मैफल संपली. चहाला उभा असताना मी म्हणालो, गाणं काही रंगलं नाही. शेजारचे काका लगेच, "राग कुठला होता?" मला नाव सांगता आलं नाही. झालं, मत बाद! (देशकार होता म्हणे.) बिनशिकलेल्यांनी फक्त तिकिटं काढायची का?

षड्ज-पंचम: बाद व्हायलाच हवं. भूप आणि देशकार, दोन्ही रागांत सूर तेच: सा रे ग प ध. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य सूर; देशकारात धैवत (ध). देशकाराची चाल उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात; रिषभावर (रे) तो रेंगाळत नाही. गायक रेंगाळला की भूप डोकावलाच. हे ठाऊक नसताना तुम्हाला नेमकं काय खटकलं? गळा, की राग?

मागच्या रांगेतला: सांगता येत नाही म्हणून खटकलंच नाही? लोक चुळबुळायला लागतात तेव्हा वादी-संवादी मोजून चुळबुळतात का?

बायाँ: गाण्याच्या परीक्षा देऊन विशारद झालेले पाहिलेत मी. रागांचे थाट (सुरांचे साचे), जाती (किती सुरांचा राग), गानसमय घडाघडा. तंबोरा मात्र दुसऱ्याने लावून द्यायचा! संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी दहा थाट मांडले तेही आधीपासून गायलं जाणारं गाणं ऐकूनच. मारवा, पूरिया, सोहनी या रागांचा थाट एक, सूर तेच. पण ऐकणाऱ्याला तीन वेगळ्या वेळा भासतात.

षड्ज-पंचम: ऐकणाऱ्याला म्हणजे कुणाला? कुमार गंधर्वांचं नाव निघणारच, म्हणून आधीच सांगतो. लहानपणी तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, ती देणगी. पण मग मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. पुढे देवासला माळव्याच्या लोकधुनांत त्यांना नवे राग दिसले, ते त्या तालमीमुळे.

बायाँ: आणि त्या धुना रचल्या कुणी? तालीम न घेतलेल्या बायाबापड्यांनीच ना!

पेटीवाला: जाणकारांचंच ऐकायचं तर पेटी (हार्मोनियम) कधीच संपली असती. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. आक्षेप खराच होता, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही. तरी बैठकीतून ती हलली नाही.

षड्ज-पंचम: पेटी टिकली, कारण ती वाजवणारेही तयारीचे होते. असो. मागच्या रांगेतले, पुढच्या वेळी रागाचं नाव सोडा. गायक कुठल्या सुरावर थांबतो तेवढं ऐका.

मागच्या रांगेतला: ऐकलं, आणि तरीही कंटाळा आला तर?

षड्ज-पंचम: तर म्हणा की रंगलं नाही. काकांशी मी बोलेन. पण आधी धैवत ऐका!