शब्दचर्चा : ताब्यात, अटक, आरोपी, दोषी – खेळाडूच्या बातमीत कोणता शब्द कधी?

पुसदहून

नमस्कार. मी तालुक्याला बातमीदारी करते. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या कबड्डीपटूविरुद्ध मारहाणीचा गुन्हा दाखल झाला. मुलाचं नाव, कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, कुणी विचारूही नये. दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी बातमी आली. एक मथळा ‘राष्ट्रीय खेळाडू गजाआड’, दुसरा ‘कबड्डीपटूला बेड्या’, तिसरा ‘संशयित आरोपी ताब्यात’. गावच्या व्हॉट्सअॅपवर पोहोचेपर्यंत तो थेट ‘गुन्हेगार’ झाला होता. ठाण्यात जाऊन विचारलं, तर ठाणेदार म्हणाले, त्याला बोलावलं, सूचनापत्र दिलं, जबाब घेतला आणि घरी पाठवलं. अटक नाही, बेड्या नाहीत, गजही नाहीत.

मग या शब्दांचे नेमके अर्थ काय? ‘ताब्यात घेणे’ आणि ‘अटक करणे’ एकच का? आणि ‘संशयित आरोपी’ ही जोडी बरोबर आहे का?

आर्वीहून

ताई, मी इथल्या कोर्टात वकिली करतो. खरा घोळ त्याच्याही आधी, ‘गुन्हा’ या शब्दापासून सुरू होतो. आपण केलेल्या कृत्यालाही गुन्हा म्हणतो आणि ठाण्यातल्या नोंदीलाही गुन्हाच म्हणतो. ‘गुन्हा दाखल’ याचा अर्थ एवढाच, की दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर कुणीतरी दिली आणि पोलिसांनी ती लिहून घेतली. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 खाली व्हायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली होतं. आपल्याकडच्या पोलीस पत्रकांत ‘अप. क्र.’ असतं, म्हणजे अपराध क्रमांक. तो वाचला की अपराध घडलाच असं वाटतं, आणि गावात तसंच समजतात. म्हणून माझा आग्रह असा की ‘त्याच्यावर’ न लिहिता ‘त्याच्याविरुद्ध’ लिहावं आणि आधी ‘फलाण्याच्या फिर्यादीवरून’ हे शब्द यावेत. मग वाचणाऱ्याला कळतं, की हे फिर्यादीचं म्हणणं आहे, कोर्टाचं नाही.

आता अटक. ही कायद्यातली क्रिया आहे आणि ती तपासता येते. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्येच ते आहे. त्यामुळे ‘अटक’ लिहिण्याआधी एवढंच विचारायचं : कोर्टात कधी हजर केलं? पोलीस कोठडी मिळाली, न्यायालयीन कोठडी मिळाली की जामीन? गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन ठाण्यातूनच होतो, तेही विचारून घ्यावं. यातलं एकही उत्तर मिळालं नाही तर ‘अटक’ छापू नका.

‘ताब्यात’ हा मात्र निसरडा शब्द आहे. बातमीदाराला नक्की माहीत नसलं की तो ‘ताब्यात’ लिहितो, आणि पोलिसांनाही सांगायचं नसलं की ते तोच शब्द वापरतात. माणसाला ठाण्यात बसवून ठेवलं आणि जाऊ दिलं नाही, तर 24 तास तेव्हापासूनच मोजावेत, असं आम्ही कोर्टात मांडतो. म्हणून ‘ताब्यात घेतलं’ लिहिलंत तर किती वाजता घेतलं, हेही लिहा.

तुमच्या प्रकरणात झालं ते तिसरंच. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. तेव्हा जुन्या संहितेच्या कलम 41-अ ची नोटीस असे, आता नव्या संहितेच्या कलम 35(3) ची असते. तिलाच ठाण्यात ‘सूचनापत्र’ म्हणतात. बरोबर बातमी अशी झाली असती : ‘पोलिसांनी सूचनापत्र देऊन चौकशी केली, अटक केलेली नाही.’

मोर्शीहून

मी क्रीडाशिक्षक आहो. वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं, पण ‘राष्ट्रीय खेळाडू’ हा शब्द काहून कोणी तपासत नाही? पोट्टा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चांगला खेळला, तर विद्यापीठाच्या संघात जाते. अमरावती विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला, तर त्याले कलर कोट भेटते, त्याले आम्ही कलर होल्डर म्हणतो. राष्ट्रीय म्हणजे महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला. या दोन्हींत लय फरक आहे जी. एरवी याच पोराच्या पदकाची बातमी द्याले गेलो, तर पेपरवाले चार ओळी देत नाहीत. मारामारीत नाव आलं, की एका रात्रीत राष्ट्रीय होते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात एक फोन केला, तर खरं काय ते कळते.

चिखलीहून

उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. मथळ्यांबद्दल बोलतो. ‘बेड्या ठोकल्या’, ‘मुसक्या आवळल्या’, ‘गजाआड’ हे वाक्प्रचार आहेत, असा बचाव आम्हीही करत असू. पण बेडी ही खरी वस्तू आहे. सरसकट बेड्या घालणं संविधानाला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये सांगितलं. नव्या संहितेने काही गंभीर गुन्ह्यांत मुभा दिली आहे, ती वेगळी गोष्ट. ज्याच्या हातात बेडी पडलीच नाही, त्याच्याविषयी ‘बेड्या’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. वाक्प्रचार आहे म्हणून ती खरी होत नाही. ‘नराधम’ तर निकालाच्या आधी कधीच नको आणि निकालानंतरही त्याची गरज नसते. कृत्य काय होतं ते सरळ लिहिलं, तर वाचणाऱ्याला विशेषण लागत नाही.

दुसरा शब्द ‘कबुली’. ‘पोलिसांकडे गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य रोज छापून येतं. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25 तेच सांगत होतं आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 ही तेच सांगतं. ‘कबुली दिल्याचं पोलिसांनी सांगितलं’ असं लिहा. दोनच शब्द वाढतात, पण कोण बोलतंय ते कळतं.

‘संशयित आरोपी’बद्दल माझं मत वकीलसाहेबांना पटेल की नाही, माहीत नाही. खबरीत नाव नाही, पोलिसांना फक्त शंका आहे, तोवर ‘संशयित’. नाव नोंदलं गेलं की ‘आरोपी’. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. तो शब्द मुळातच काही सिद्ध झालं असं म्हणत नाही, म्हणून त्याला ‘संशयित’चा टेकू लागत नाही. ‘कथित आरोपी’ तर साफ चूक आहे. आरोप खराच झालेला असतो, कथित असतं ते कृत्य. आणि मराठीला ‘कथित’ तरी कशाला हवा? ‘असा आरोप आहे’, ‘असं फिर्यादीत म्हटलं आहे’, हे आपल्याकडे आहेच.

आर्वीहून

पटलं. फक्त एक जोड. आरोप, दोषारोपपत्र आणि आरोपनिश्चिती हे तीन वेगळे टप्पे आहेत. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. आरोप निश्चित करतं कोर्ट, आणि खटला त्यानंतर चालतो. दोषारोपपत्र दाखल झालं, की ‘दोषी ठरवलं’ असं ऐकायला येतं, कारण शब्दाच्या सुरुवातीलाच ‘दोष’ आहे. दोषी हा शब्द न्यायाधीशांनी निकालात म्हटल्याशिवाय लिहू नये.

देसाईगंजहून

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. एक मुद्दा राहिला. ‘कॉलेजचा खेळाडू’ म्हटलं, की आपण मोठा मुलगा समजतो. अकरावी-बारावीतली कितीतरी मुलं अठराच्या आतली असतात. ती आरोपीही नाहीत आणि गुन्हेगारही नाहीत. कायद्यात त्यांच्यासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. शब्द जड आहे, मान्य. पण ‘अल्पवयीन आरोपी’ लिहून खाली संघाचा फोटो टाकण्यापेक्षा तो जड शब्द शंभरदा बरा. बातमी करण्याआधी वय विचारा. वय नक्की कळत नसेल तर नाव नको.

पुसदहून

सगळ्यांचे आभार. आता खरी अडचण सांगते. आमच्या इथल्या मुलांसाठी मी बातमी तपासण्याचा एक पाठ करून राहिली आहे. त्यात अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जलतरणपटूचं प्रकरण घेतलं. जानेवारी 2015 मध्ये विद्यापीठाच्या आवारात बेशुद्ध तरुणीवर अत्याचार करताना सायकलवरून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी त्याला पकडलं. मार्च 2016 मध्ये ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, त्याला तीन आरोपांत दोषी ठरवलं, जूनमध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि सप्टेंबरमध्ये, तीन महिन्यांतच तो बाहेर आला. बऱ्याच ठिकाणी त्याच्याबद्दल ‘बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी’ असं लिहिलेलं आढळतं. पण त्याच्यावरचे बलात्काराचे दोन आरोप खटल्याआधीच वगळले होते. मग मराठीत काय लिहू?

आर्वीहून

कोर्टाने म्हटलं तेच. एक दोष बलात्काराच्या इराद्याने केलेल्या हल्ल्याचा, दोन दोष परक्या वस्तूने केलेल्या लैंगिक प्रवेशाचे. कॅलिफोर्नियात तेव्हा बलात्काराची व्याख्या लैंगिक संभोगापुरती होती. हे प्रकरण गाजल्यावर सप्टेंबर 2016 मध्ये तिथला कायदा बदलला. आधीच्या निकालाला नंतरच्या कायद्याचं नाव देता येत नाही.

देसाईगंजहून

इथे मी वकीलसाहेबांशी पूर्ण सहमत नाही. आपल्याकडे 2013 च्या दुरुस्तीपासून वस्तूने किंवा शरीराच्या कुठल्याही भागाने केलेला प्रवेशही बलात्कारातच येतो. हेच कृत्य वडसा किंवा ब्रह्मपुरीत घडलं असतं, तर कायद्याने बलात्कार झाला असता. माझ्या वर्गातल्या मुलीला मी ‘लैंगिक अत्याचार’ एवढंच सांगितलं, तर तिला काय कळणार? छेडछाडीपासून सगळ्याला हल्ली तोच शब्द आहे. त्या तरुणीवर जे झालं, ते शब्दाने हलकं होऊ नये.

चिखलीहून

दोघांचंही राखता येतं. पहिल्या वाक्यात कोर्टाचा शब्द, दुसऱ्या वाक्यात ‘भारतीय कायद्यानुसार हे कृत्य बलात्काराच्या व्याख्येत येतं’. मथळ्यात मात्र दुसरं वाक्य पहिल्याची जागा घेऊ शकत नाही. एक माहिती म्हणून : कायद्याच्या अधिकृत मराठी अनुवादात ‘बलात्संग’ शब्द आहे. निकालपत्राचा हवाला देताना तो दिसला, तर तो वेगळा गुन्हा समजू नये.

त्या प्रकरणात आणखी दोन शब्द तपासण्यासारखे आहेत. ‘विद्यापीठाने काढून टाकलं’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्याने स्वतः विद्यापीठ सोडलं आणि विद्यापीठाने त्याला आवारात येण्याची बंदी केली. आणि ‘स्टॅनफर्डचा जलतरणपटू’ हीच त्याची ओळख करून पोहण्याच्या वेळासुद्धा छापल्या गेल्या. अत्याचाराच्या बातमीत पोहण्याच्या वेळांचं काय काम? खेळाचा गुन्ह्याशी संबंध नसेल, तर ‘विद्यार्थी’ पुरे.

मोर्शीहून

बरोबर. पदकं पाहून कोणाचा गुन्हा लहान होत नाही, अन् आमच्या पोराचा मोठाही होऊ नये.

पुसदहून

आणि तीन महिन्यांत ‘सुटला’? आमच्याकडे जामीन झाला तरी ‘सुटून आला’ म्हणतात, खटला जिंकला तरी ‘सुटला’, शिक्षा भोगून आला तरी ‘सुटला’.

आर्वीहून

बोलण्यात चालू द्या, बातमीत नको. तो शिक्षा भोगून सुटला, चांगल्या वर्तणुकीची सूट धरून. वर तीन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे बाहेर पण देखरेखीखाली) आणि लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत कायमचं नाव. दोष तसाच राहिला. 2018 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

उलट उदाहरण हवं असेल तर ड्यूक विद्यापीठाचं घ्या. 2006 मध्ये तिथल्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा मैदानी खेळ) संघाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचे आरोप ठेवले गेले. डीएनए कुणाशीच जुळला नाही. एप्रिल 2007 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी उरलेले सगळे आरोप मागे घेतले आणि तिघे निर्दोष आहेत असं जाहीरपणे सांगितलं. ज्या सरकारी वकिलाने प्रकरण रेटलं होतं, त्याची वकिलीची सनद त्याच वर्षी गेली. इथे ‘निर्दोष सुटका’ लिहिणंही चूक, कारण खटलाच चालला नाही, तर सुटका कुठून होणार? ‘आरोप मागे घेतले, निर्दोष असल्याचं जाहीर केलं’ असं लिहा.

आपल्या कोर्टांतही हा फरक आहे. पुरेसा आधार नाही म्हणून खटल्याआधीच सोडलं, तर वर्तमानपत्रं ‘दोषमुक्त’ लिहितात. खटला चालून सोडलं तर ‘निर्दोष मुक्तता’. पहिल्यासाठी मला ‘आरोपमुक्त’ जास्त बरा वाटतो, कारण तेव्हा दोषाचा विचारच झालेला नसतो. आणि संशयाचा फायदा मिळाला असेल तर तेवढं नमूद करा, पण ‘पुराव्याअभावी सुटला’ असं त्याच्या नावामागे आयुष्यभर लावू नका. मुक्तता ती मुक्तता.

पुसदहून

हे सगळं गावात बसून तपासायचं कसं? प्रत्येक पेशीला कोर्टात जाणं होत नाही.

आर्वीहून

ई-कोर्ट्सचं अॅप मोबाइलवर घ्या. प्रत्येक प्रकरणाला अंक आणि अक्षरं मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, टप्पा, आदेश दिसतात. प्रथम खबरही (एफआयआर) राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर असते. लैंगिक गुन्हे आणि इतर संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली असतात, म्हणून तिथे दिसलं नाही तर गुन्हाच नाही असं समजू नका. आणि प्रकरण ‘निकाली’ दिसलं तर तिथेच थांबू नका. निकाली म्हणजे फक्त संपलं. दोषी ठरून संपलं, निर्दोष मुक्त होऊन, की आपसात तडजोड होऊन, ते खालच्या ओळीत असतं. ती ओळ वाचा, आदेशाची प्रत उघडा आणि त्यात जे क्रियापद असेल तेच बातमीत घ्या.